उपासनेची आखणी : मंडळी गाते आहे की नुसती ऐकते आहे?

रविवारसकाळ

जय ख्रिस्त. गेली दोन वर्षं आमच्या मंडळीत उपासनेचा क्रम ठरवायचं काम माझ्याकडे आहे, आणि महिन्यातून दोन रविवार मी ती चालवतेही. पाळकसाहेब उपदेश आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) बघतात, बाकीचं आमच्या चौघांच्या गटाकडे. या मंचावर बरेच जण वर्षानुवर्षं हेच काम करताहेत, म्हणून विचारतेय.

मागच्या महिन्यात घडलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दुसरं गीत चालू होतं, मी समोर माइक धरून गात होते. तिसऱ्या कडव्याला पुस्तकातून मान वर केली आणि पहिल्या बाकावरच्या एका आजींकडे लक्ष गेलं. गीतपुस्तक उघडं, बोट बरोबर त्याच ओळीवर, आणि ओठ मिटलेले. मग मी मागच्या रांगांकडे पाहिलं. दहा-बारा जण सोडले तर कोणीच गात नव्हतं. आवाज भरपूर होता, पण तो सगळा स्पीकरमधून येत होता. माझा आणि माझ्या शेजारच्या दोघांचा. उपासना संपल्यावर दोघं-तिघं येऊन म्हणाले, "आज गीतं फार छान झाली." त्या दिवशी ते वाक्य मला टोचलं. ती गीतं त्यांनी म्हणायची होती ना!

तेव्हापासून मी आमची आखणी मुळापासून तपासतेय. सध्याची पद्धत अशी : सोमवारी पाळकांकडून रविवारचा शास्त्रपाठ (बायबलमधला वाचायचा भाग) घेते, दोन-तीनदा वाचते, आणि त्यात देव काय करतो व माणसं काय करतात हे वेगवेगळं लिहून काढते. गीतं त्यानंतर. आधी आवडती गीतं निवडली आणि मग पाठाशी जुळवायला गेलं की नुसती ओढाताण होते. सांगाडा जुनाच आहे : एकत्र येणं, वचन ऐकणं, प्रभूच्या मेजाभोवती जमणं (प्रभुभोजन नसेल त्या रविवारी उपकारस्तुती आणि अर्पण), आणि शेवटी आशीर्वाद घेऊन बाहेर पडणं. आता मी प्रत्येक गोष्टीपुढे ती कोण करणार तेही लिहिते : पुढारी, वाचक, पाळक, सर्वजण. पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा ऐंशी मिनिटांच्या उपासनेत "सर्वजण" या शब्दापुढची मिनिटं मोजली. एकवीस भरली, तीसुद्धा गीतं धरून. आणि गीतं तर लोक म्हणतच नव्हते.

मंडळीचा आवाज परत कसा आणायचा? गाण्याबद्दल सांगाच, पण बाकीच्या क्रमाबद्दलही सांगा.

काळीपांढरी

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. मी सतरा वर्षं उपासनेत आधी पेटी आणि आता कीबोर्ड वाजवतोय. माझ्या अनुभवात लोक गप्प होतात त्याचं पहिलं कारण पट्टी. विश्वास, आवड, वय वगैरे नंतर.

आपण रेकॉर्डिंगवर गीत ऐकतो आणि त्याच पट्टीत उचलतो. तिथे गाणाऱ्याचा गळा तयार असतो, वरच्या स्वरांत तो खुलतो. बाकावरच्या माणसाने सकाळपासून धड चार वाक्यंही बोललेली नसतात. मी असं धरतो (पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या क्रमाने मोजून : पांढरी एक म्हणजे C, दोन म्हणजे D, सहा म्हणजे A) : गीताचा सगळ्यात खालचा स्वर मधल्या पांढरी एकच्या खालच्या पांढरी सहापेक्षा खाली जाऊ नये, आणि सगळ्यात वरचा स्वर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपेक्षा वर जाऊ नये. बायका आणि मुलं तिथे गातात, पुरुष तेच एक सप्तक खाली. वरच्या पांढरी दोनला नुसता स्पर्श होऊन चाल खाली येत असेल तर निभतं. पण धृपदाची अख्खी ओळ तिथेच फिरत असेल तर निम्मी मंडळी गप्प होणार हे नक्की. काही गीतांचा पल्लाच इतका मोठा असतो की पट्टी उतरवली की खालचा भाग घशात अडकतो. अशी गीतं गायकवृंदाने म्हणावीत आणि मंडळीने ऐकावीत, त्यात काही वावगं नाही. घरी तपासायचं असेल तर सगळ्यात उंच ओळ खुर्चीत बसून, आवाज न चढवता म्हणून बघा. मान वर जायला लागली तर पट्टी उतरवा.

दुसरी गोष्ट, आत यायची जागा. आम्ही वादक सुरुवातीची सुरावट लांबवतो, सजवतो. लोकांना त्यातून दोनच गोष्टी कळायला हव्या असतात : कुठल्या स्वरावर सुरू करायचं आणि कधी. गीताची शेवटची ओळ, ज्या लयीत गायचं त्याच लयीत वाजवायची, सगळ्यांना एक श्वास घेऊ द्यायचा आणि सुरू. दोन कडव्यांमधली जागाही दर वेळी सारखी हवी. एकदा चार मात्रा थांबलात आणि पुढच्या वेळी आठ, की कोणी पहिला स्वर लावायला धजत नाही. आपला एकट्याचा आवाज आधी निघेल ही धास्ती मोठ्या माणसांना लहान मुलांपेक्षा जास्त असते.

आणि तिसरी, मला सगळ्यात उशिरा कळलेली. थांबायला शिका. ओळखीच्या गीताच्या एका कडव्याला वाद्यं पूर्ण बंद ठेवायची आणि समोरच्या गायकांनी माइकपासून एक पाऊल मागे जायचं. लोकांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६१ साली मंडळीच्या गाण्यासाठी सात सूचना छापल्या होत्या. सगळ्यांनी गा, आपला आवाज इतरांच्या वर चढवू नका, लयीच्या पुढे धावू नका आणि मागेही रेंगाळू नका, असं त्यात आहे. तेव्हा माइक नव्हते. पण एकाचा आवाज सगळ्यांच्या वर चढला की बाकीचे गप्प होतात हे त्यांना ठाऊक होतं.

नवीन गीत महिन्याला एकच, आणि शिकवलं की लागोपाठ तीन रविवार. त्यावर जास्त लिहीत नाही.

मागच्याबाकावरून

मी उपासना चालवत नाही, फक्त येते. पण ओठ मिटलेल्या आजींबद्दल वाचलं आणि लिहावंसं वाटलं, कारण मी सहा महिने तशीच बसले होते.

माझे वडील गेले त्यानंतरचा पहिला रविवार. पुढाऱ्यांचं पहिलंच वाक्य होतं, "सगळी दुःखं दाराबाहेर ठेवू या आणि आनंदाने टाळ्या वाजवून प्रभूची स्तुती करू या." मग लागोपाठ चार विजयाची गीतं. पट्टी बरोबर होती, चाली ओळखीच्या होत्या, माझ्या तोंडून शब्द निघेना. माझं दुःख ठेवायला मला दुसरी जागाच नव्हती. मी ते घेऊनच आले होते आणि देवापुढेच ठेवायला आले होते.

नंतर एका रविवारी कोणीतरी बायबलमधलं स्तोत्र १३ वाचलं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. वाचणाऱ्या बाई प्रत्येक "कोठवर"नंतर थोडं थांबल्या. पुढे उपदेशात त्या स्तोत्राचा उल्लेखही झाला नाही, तरी मला वाटलं की या मंडळीत मला बसायला जागा आहे. ते स्तोत्र गाण्यापाशी येऊनच संपतं, पण "कोठवर" विचारून झाल्यावर. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत असं अभ्यासक सांगतात. स्तोत्र ८८ तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, शेवटी कुठे दिलासा नाही. तेही पवित्र शास्त्रातच आहे. क्रम ठरवताना एवढंच विचारा की आज ज्याच्या घरात कोणी गेलंय, ज्याची नोकरी गेलीय, ज्याचा अहवाल वाईट आलाय, तो कुठल्या ओळीवर आमेन म्हणू शकेल.

आणखी एक. मध्यस्थीच्या (इतरांसाठी केलेल्या) प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेता तेव्हा आधी घरच्यांना विचारत जा. माझ्या आईचं दुखणं मला न विचारता नावानिशी, आजारासकट जाहीर झालं होतं. प्रेमापोटीच झालं, पण आईला फार लाज वाटली.

निवृत्तपाळक

मागच्याबाकावरून, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. चाळीस वर्षांच्या सेवेत मी स्वतः तसली वाक्यं अनेकदा म्हटली आहेत. क्षमा मागतो.

रविवारसकाळ, तुम्ही सोमवारी पाठ मागता आणि तो मिळतो हे भाग्य समजा. बऱ्याच ठिकाणी पाळक शनिवारी रात्री विषय कळवतात आणि मग उपासनागटाकडून जुळवाजुळवीची अपेक्षा करतात. ज्यांच्याकडे ठरलेली पाठमाला (कुठल्या रविवारी शास्त्रातले कुठले भाग वाचायचे याची यादी) नाही त्यांनी ती निदान एक वर्ष वापरून पाहावी. १९९२ साली अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी सुधारित सामाईक पाठमाला तयार झाली, तिचं चक्र तीन वर्षांचं आहे. एका वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला, विशेषतः पुनरुत्थानकाळात (ईस्टर आणि त्यानंतरचे आठवडे). दर रविवारी बहुधा जुन्या करारातला पाठ, स्तोत्र, पत्रातला पाठ आणि शुभवर्तमान. पाळकाच्या आवडीची दहा प्रकरणं फिरून फिरून येत राहतात, त्याला यामुळे आळा बसतो. आणि तुम्हाला तीन महिने आधी ठाऊक असतं की कुठल्या रविवारी काय आहे.

वर्षाच्या चक्राचाही आधार घ्या. नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार रविवार, राखेच्या बुधवारपासून रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, मग पुनरुत्थान आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण. काही परंपरांत उपवासकाळात "हालेलूया" हा शब्द उपासनेत मुळीच उच्चारत नाहीत. गीतांतूनही नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी तो परत येतो तेव्हा मंडळी तो कशी म्हणते हे ऐकायला हवं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा लोक आधी कुरकुरले होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. रविवारच्या उपासनेचं सविस्तर वर्णन ज्या सर्वांत जुन्या लिखाणांत सापडतं त्यांपैकी एक जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाचं, साधारण इ. स. १५५ च्या सुमाराचं. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जात, अध्यक्ष बोध करी, मग सगळे उभे राहून प्रार्थना करत, भाकर आणि द्राक्षारस आणला जाई, अध्यक्ष आपल्या शक्तीप्रमाणे उपकारस्तुती करी, आणि लोक "आमेन" म्हणून त्याला संमती देत. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (मंडळीचे सेवक) त्यांचा भाग पोहोचवत. जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी. यात तुमचे चारही टप्पे दिसतील. आणि इतक्या थोडक्या वर्णनातही त्याने लोकांच्या आमेनची नोंद केली आहे. प्रेषित पौलही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १४:१६) विचारतो की तुझी उपकारस्तुती ज्याला समजली नाही तो तिला आमेन कसा म्हणेल.

म्हणून मी सुचवेन की आधी आमेन मंडळीकडे परत द्या. पुढाऱ्याने स्वतःच "आमेन" म्हणून प्रार्थना बंद केली की लोकांना काही उरत नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेत प्रत्येक विनंतीनंतर एकच ठरलेलं वाक्य ठेवा : पुढारी "प्रभू, दया कर", मंडळी "आमची प्रार्थना ऐक". दोन रविवारांत पाठ होतं, कागद लागत नाही. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध तोच. ते याच कामासाठी रचलेलं असावं असं मला नेहमी वाटत आलं आहे. आणि दोन गीतांच्या मधे छोटे छोटे उपदेश करू नका. काय बोलायचं ते लिहून काढा आणि तीन वाक्यांवर थांबा.

वारावाहतोतिकडे

धागा आवडला, पण मिनिटं मोजायचं वाचून मी अस्वस्थ झालो. आमच्याकडे छापील क्रम नसतो. आम्ही प्रार्थना करून येतो आणि पवित्र आत्मा नेईल तसं जातो. मी आधी ज्या मंडळीत होतो तिथे एकदा एक बाई रडत साक्ष देत होती, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगत होती, आणि पुढारी घड्याळाकडे बघत होते. शेवटी तिला मधेच थांबवून पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. ती बाई पुन्हा आली नाही. आखणीने हेच होणार असेल तर नको ती आखणी. पौलाने त्याच चौदाव्या अध्यायात म्हटलंय की तुम्ही एकत्र जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काहीतरी असतं, कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिक्षण.

निवृत्तपाळक

भाऊ, ती बाई परत आली नाही हे वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मला पटतं. सगळं व्यवस्थितपणे होऊ द्या हेही पौलाने त्याच अध्यायात, अगदी शेवटी लिहिलं आहे, आणि तो दोन्ही गोष्टी मंडळीच्या उन्नतीसाठीच मागतो. एक विनंती करतो, राग मानू नका. पुढचे चार रविवार तुमच्या सभेत कोण बोललं, कोणी गीत सुरू केलं, कोणी प्रार्थना केली, एवढंच वहीत लिहा. बाकी काही बदलू नका.

वचनवाचक

मी शास्त्रपाठ वाचतो आणि वाचणाऱ्यांना तयार करतो. कोणी विचारलं नाही तरी लिहितो, कारण क्रमात हा भाग सगळ्यात कमी तयारीने होतो. "जरा आजचा पाठ वाचता का" असं दारातच विचारलं जातं. नहेम्या ८ मध्ये एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो, लोक उभं राहून ऐकतात, आणि वाचलेलं समजेल असा अर्थ लेवी (मंदिरसेवेतले लोक) त्यांना सांगतात.

आमच्याकडे पाठ बुधवारी पोहोचतो. वाचक तो घरी मोठ्याने तीनदा वाचतो. लांब वाक्य कुठे तोडायचं ते पेन्सिलने खूण करून ठेवतो, अवघड नावं आधी विचारून घेतो. वचनांचे क्रमांक उच्चारायचे नाहीत. पाठाचं नाव सांगितल्यावर लोकांची पानं उलटण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग पहिला शब्द. वाचून झालं की लगेच पुस्तक मिटून पळायचं नाही. मनात पाचपर्यंत मोजून मग खाली उतरायचं.

पडद्यामागे

थोडक्यात भर घालते. शब्द पडद्यावर दाखवत असाल तर पुढची स्लाइड आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द सुरू होतानाच यायला हवी. ओळ संपल्यावर आली तर लोक पुढचा पहिला शब्द गमावतात, आणि दोनदा तसं झालं की गाणं सोडून देतात. मी बटण दाबताना स्वतः गात असते, त्याशिवाय ते जमत नाही. एका स्लाइडवर चार ओळींपेक्षा जास्त नको. आणि "सर्वांनी उभे राहावे" ऐवजी "ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहावे" असं लिहा. आमच्याकडे व्हीलचेअरवर येणाऱ्या एका भावांनी ते सुचवलं होतं.

वारावाहतोतिकडे

महिना झाला, धागा वर काढतोय. पाळकसाहेब, वही लिहिली. चार रविवारांत बोलणारे तेच पाच जण. गीतं सुरू करणारे त्यांतलेच दोघं. प्रार्थना करणाऱ्यांत एकही पंचविशीच्या आतला नाही, आणि बाई एकच. तीन जलद गीतं, मग दोन संथ, हा क्रमही चारही वेळा तोच. आमच्याकडे क्रम होताच, फक्त तो कोणी लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्यात कोण राहून जातंय ते दिसत नव्हतं. मी वही मंडळीच्या वडीलवर्गाच्या (कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांच्या) सभेत ठेवली. पुढच्या रविवारपासून साक्षीसाठी दोन जणांना आठवडाभर आधी विचारायचं ठरलंय. ज्यांनी कधी तोंड उघडलेलं नाही अशांना.

रविवारसकाळ

वारावाहतोतिकडे, वाचून फार आनंद झाला. तुमच्या त्या साक्षीच्या प्रसंगामुळे आम्हीही एक बदल केला. उपदेशानंतर दहा मिनिटं मोकळी ठेवली आहेत, क्रमपत्रिकेत तिथे काहीच लिहिलेलं नसतं. पहिल्या रविवारी दहाही मिनिटं शांतता होती आणि मी घाबरून गेले होते. आता कळलंय की शांत बसायचं आहे आणि किती वेळ, हे आधी सांगावं लागतं, नाहीतर लोकांना वाटतं कोणीतरी आपली ओळ विसरलंय. दुसऱ्या रविवारी एका मुलाने उठून परीक्षेच्या भीतीबद्दल प्रार्थना मागितली.

बाकीची बातमी : उघडण्याचं गीत दोन सूर उतरवलं. स्तोत्र १३ पापांगीकाराच्या (पापांच्या कबुलीच्या) आधी वाचलं, "कोठवर" असलेल्या ओळी मंडळीने म्हटल्या. काळीपांढरी यांनी सांगितल्याप्रमाणे शेवटच्या कडव्याला कीबोर्ड थांबवला आणि आम्ही तिघं मागे सरलो. पहिली ओळ अगदी क्षीण आली, दुसऱ्या ओळीला मागच्या बाकांवरून पुरुषांचे आवाज आले, मी त्या खोलीत ते आधी कधी ऐकलेच नव्हते. आजी गात होत्या. नंतर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं. म्हणाल्या, "अगं, पुस्तकात आणि पडद्यावर शब्द वेगळे होते, मी पुस्तकातले म्हणायला गेले की चुकायचे, म्हणून गप्प बसायचे." दोन वर्षं! पट्टीचा, दुःखाचा, सगळ्याचा विचार मी केला, आणि कारण हे होतं. या आठवड्यात पडद्यामागच्या मुलांबरोबर बसून एकोणीस गीतं पुस्तकाशी ताडून दुरुस्त केली.

आता एक अडचण. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. वाटप चालू असताना लोक उठून पुढे येतात, तेव्हा पाच कडव्यांचं गीत कोणी म्हणूच शकत नाही. हातात पुस्तक, आणि तोच हात भाकरीसाठी पुढे करायचा. काय गावं?

काळीपांढरी

पुस्तक लागणारच नाही असं काहीतरी. दोन ओळींचं धृपद, सगळ्यांना पाठ असलेलं, फिरून फिरून. कडवी हवीच असतील तर ती बसलेल्या एकाने म्हणायची आणि धृपद चालणाऱ्यांनी. पट्टी नेहमीपेक्षा आणखी एक सूर खाली ठेवा, लोक तेव्हा हळू आवाजात गातात. शेवटचा माणूस जागेवर जाऊन बसेपर्यंत थांबू नका. आणि वाद्य वाजवणाऱ्याला भाकर आणि प्याला कोण नेऊन देणार ते आधी ठरवा. मला अनेक वर्षं कोणी आणून दिलं नव्हतं.

रविवारसकाळ

ते क्रमपत्रिकेत लिहून टाकलं, नावासकट. धृपद आज रात्री गटात ठरवतो.